बरोबरीची दोन उत्तरं

वहिनीने आख्ख्या गल्लीत सांगून ठेवलं होतं, की आमच्या नणंदबाई ऑपरेशनं करतात. त्यात तिची फार चूक नव्हती. नणंदेच्या कॉलेजातल्या खोलीवर 'ऑपरेशन्स रिसर्च' अशी पाटी होती आणि वहिनीने त्यातला ओळखीचा शब्द उचलला होता. कोपऱ्यावरचा न्हावी एकदा मनगटावरची गाठ दाखवायला घरी आला. नणंदेने त्याला दारातच समजावलं, की मी माणसं कापत नाही, गणित शिकवते. वस्तू थोड्या, मागणारे फार, अटी त्याहून जास्त. अशा वेळी सगळ्यात चांगली वाटणी कोणती, हे शोधून काढायचं गणित. न्हाव्याने सगळं मान डोलावून ऐकलं आणि मनगट होतं तसंच पुढे धरून ठेवलं.

घरात तिला मास्तरीण म्हणत. हे नावही वहिनीचंच. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा ही शाळेत होती. आईवडील दोघंही गेलेले, त्यामुळे घर म्हणजे दादा आणि खालच्या मजल्यावरचं त्याचं दुकान. पंपांच्या, पंख्यांच्या जळालेल्या मोटारी उघडायच्या, काळं पडलेलं वेटोळं उपटून काढायचं, नवी तांब्याची तार गुंडाळायची, वार्निश पाजायचं. त्या वार्निशचा वास जिन्याने वर चढून पार अंथरुणापर्यंत यायचा. नवी वहिनी नवऱ्याला हातभार म्हणून वेढे मोजायला बसली, की शेजारी अभ्यास करणारी ही पोरगी पुस्तकातून डोकंही वर न काढता म्हणायची, "दोन कमी पडले." आणि ते खरंच कमी असायचे. वहिनी म्हणाली, ही नणंद नाही, ही मास्तरीण आहे. तिनेच पुढे मास्तरणीच्या वेण्या घातल्या, परीक्षेच्या सकाळी तिला उठवलं आणि लग्नाचा विषय काढणाऱ्या पाहुण्यांना परस्पर वाटेला लावलं. मास्तरीण शिकली, कॉलेजात लागली, आणि राहिली त्याच घरात, वरच्या खोलीत.

एके दिवशी किडनीचे मोठे डॉक्टर कॉलेजात आले. त्यांची अडचण मोठी विलक्षण होती. एखाद्या नवऱ्याला आपली किडनी बायकोला द्यायची असते, पण रक्तगट जुळत नाही. दुसऱ्या घरात आईला लेकीला द्यायची असते, तिथेही तेच. अशा वेळी ह्याची तिकडे आणि तिची इकडे अशी अदलाबदल करता येते. कधी तीन घरं मिळूनही वर्तुळ पुरं होतं. तीनच्या वर जाता येत नाही. वर्तुळातली सगळी ऑपरेशनं एकाच सकाळी करावी लागतात, कारण आपल्या माणसाला मिळाल्यावर कुणी पाय मागे घेतला तर काय करणार? आणि तितके सर्जन, तितकी थिएटरं आणायची कुठून? इतकी वर्षं नोंदणीच्या सिस्टर टेबलावर कार्डं मांडून जोड्या लावत होत्या. आता कार्डं टेबलावर मावेनाशी झाली होती.

मास्तरणीने प्रश्न ऐकला आणि तिच्या डोळ्यांत चमक आली. प्रत्येक शक्य वर्तुळ म्हणजे एक 'हो' किंवा 'नाही'. एक घर दोन वर्तुळांत नको. एवढं पाळून जास्तीत जास्त लोकांना किडनी मिळाली पाहिजे. मांडायला सोपं, पण हाताने सोडवायला बसलं तर जन्म सरेल. तिने सुट्टीभर बसून प्रोग्राम लिहिला. सिस्टरांनी कार्डांवर जेवढ्या जोड्या लावल्या होत्या, त्याहून कितीतरी जास्त पहिल्याच फेरीत निघाल्या. सिस्टरांनी ते छापलेलं उत्तर दोनदा पडताळलं आणि मग चष्मा काढून पुसत बसल्या. त्या संध्याकाळी मास्तरीण घरी आली ती तरंगतच. वहिनी न्हाव्याला म्हणाली, सांगितलं नव्हतं, ऑपरेशनं करते म्हणून?

पुढे दर तीन महिन्यांनी फेरी चालायची. मास्तरीण हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत जायची, नवी माहिती भरायची, उत्तर काढायची आणि समितीच्या हाती द्यायची. प्रोग्रामच्या उत्तरावर बोट ठेवायला जागा नसायची. यापेक्षा एकही जास्त शक्य नाही, हे तो सिद्ध करूनच थांबायचा. मास्तरणीला त्याचीच मोठी धन्यता वाटे. जगात किती माणसांना छातीठोकपणे म्हणता येतं, की मी केलं त्याहून चांगलं होऊच शकत नव्हतं?

मग वहिनीचे पाय सुजले. आधी सगळ्यांनी जिन्यावर खापर फोडलं. मग चेहरा सुजला, तोंडाला चव राहिली नाही, आणि तपासणीत कळलं की दोन्ही किडन्या जवळपास निकामी आहेत. डायलिसिस सुरू झालं. एक दिवसाआड खुर्चीत पडून राहायचं, रक्त नळीतून बाहेर जाणार, मशीनमधून गाळून परत येणार. पाणी मोजून प्यायचं. वहिनी बर्फाचा खडा गालात धरून बसायची आणि म्हणायची, आयुष्यभर दुसऱ्यांना पाणी दिलं, आता स्वतःला देताना हात आखडला.

दादाने विचारायची वाट पाहिलीच नाही. माझी काढा, म्हणाला. पण त्याचा रक्तगट ए, मास्तरणीचाही ए आणि वहिनीचा ओ. ओ गटाच्या माणसाची किडनी कुणालाही चालते, पण ओ गटाच्या रुग्णाला फक्त ओ गटाचीच लागते. वहिनीने हे ऐकलं आणि हसली. "द्यायचं सगळ्यांना, घ्यायचं कुणाकडून नाही. हा सासुरवाशिणींचा रक्तगट दिसतोय."

दोघांची नावं नोंदवली गेली. मास्तरणीने त्याच दिवशी मोठ्या डॉक्टरांना सांगितलं, की माझं घरचं माणूस यादीत आलंय, दुसऱ्या कुणाला बसवा. डॉक्टर म्हणाले, दुसरं आहे कोण? आणि नावं तर दिसतच नाहीत, नुसते क्रमांक असतात, निवड मशीन करतं. तुम्ही फक्त बटण दाबणार. ते खरंही होतं. पण वय, गट, नोंदणीचा महिना एवढं समोर असल्यावर मास्तरणीने आपली माणसं एका नजरेत ओळखली.

नोंदणीनंतरच्या पहिल्या फेरीत वहिनीला जमेल असं वर्तुळच नव्हतं. दुसऱ्या फेरीतही नव्हतं. कारण ओ गटाचे दाते अशा यादीत येतातच कमी. त्यांची किडनी सहसा आपल्याच माणसाला चालून जाते. तिसऱ्या फेरीला मात्र एक आला. त्याच्या बहिणीच्या रक्तात काहीतरी विरोधी होतं, म्हणून भाऊ ओ गटाचा असूनही त्याची किडनी तिला चालत नव्हती. मास्तरणीने माहिती भरतानाच डोक्यात वर्तुळ लावून पाहिलं. भावाची किडनी वहिनीला, दादाची एका तिसऱ्या घरात, त्या घरातली भावाच्या बहिणीला. वर्तुळ पुरं होत होतं. तिने बटण दाबलं.

उत्तर आलं. भावाची किडनी दुसऱ्याच एका ओ गटाच्या रुग्णाला गेली होती. वेगळी दोन घरं धरून त्या भावाचं वर्तुळ लागलं होतं. वहिनीचा क्रमांक उत्तरात कुठेच नव्हता.

मग तिने यापूर्वी कधीच न केलेली गोष्ट केली. वहिनीचं वर्तुळ घेतलंच पाहिजे, अशी एक अट घालून तिने प्रोग्राम पुन्हा चालवला. उत्तर बदललं. एकूण आकडा बदलला नाही. पहिल्या उत्तरात जितक्या जणांना किडनी मिळत होती, तितक्याच जणांना दुसऱ्यातही मिळत होती. फक्त माणसं वेगळी होती. गणिताच्या दृष्टीने दोन्ही उत्तरं सारखीच चांगली. प्रोग्रामने पहिलं का दिलं? त्याला ते आधी सापडलं म्हणून. दुसरं काहीही कारण नव्हतं.

दुसरं उत्तर छापून समितीपुढे ठेवलं असतं, तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. एकूण एकही किडनी कमी पडत नव्हती, आकडा खोटा नव्हता. बाजूच्या टेबलावर सिस्टर फायली लावत होत्या. त्यांनी विचारलं, झालं का? मास्तरणीने दोन्ही उत्तरं छापली आणि दोन्ही घेऊन वर गेली.

समिती म्हणजे मोठे डॉक्टर, दोन सर्जन आणि एक वकीलबाई. मास्तरणीने सरळ सांगून टाकलं, की बरोबरीची दोन उत्तरं आहेत आणि दुसऱ्यात माझी वहिनी आहे. सर्जन एकमेकांकडे बघायला लागले. मोठे डॉक्टर म्हणाले, गणितच सांगेल ना यातलं कुठलं घ्यायचं? ती म्हणाली, गणिताला जेवढं विचारलं होतं तेवढं त्याने सांगितलं. आकडा सारखा असताना कुणाला निवडायचं, हे आपण त्याला कधी सांगितलंच नाही.

मग वकीलबाई बोलल्या. त्यांचा आवाज मऊ होता, त्यामुळे प्रश्न जास्तच लागला.

"याआधीच्या फेऱ्यांमध्ये तुम्ही असं दुसरं उत्तर शोधलं होतं?"

"नाही."

"कधीच नाही?"

"नाही. पहिलं आलं ते दिलं."

"मग या वेळी का शोधलंत, हे आपल्या सगळ्यांनाच माहीत आहे."

तिला बाहेर बसायला सांगितलं. बाहेरच्या बाकावर बसल्यावर तिच्या डोक्यात वहिनी नव्हतीच. आधीच्या सगळ्या फेऱ्या होत्या. त्यांतही बरोबरीची उत्तरं असणारच. कुणाची तरी आई, कुणाचा तरी नवरा दुसऱ्या उत्तरात बसत होता आणि ते उत्तर कुणी शोधलंच नाही, कारण त्यांची नणंद मशीनपुढे बसलेली नव्हती. ज्या कामाबद्दल ती छातीवर हात ठेवून बोलायची, त्याच्या पोटात हे होतं आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

दार उघडलं. पहिलं उत्तर कायम राहिलं. इथून पुढे बरोबरीची सगळी उत्तरं काढायची आणि ज्यांनी जास्त वाट पाहिली आहे त्यांना आधी धरायचं, असा नियमही ठरला. पण तो पुढच्या फेरीपासून. चालू फेरीत प्रोग्राम चालवणाऱ्या माणसाच्याच नातेवाइकासाठी नियम केला असं दिसायला नको. मोठ्या डॉक्टरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढून घेतला.

घरी तिने दोन दिवस तोंड उघडलं नाही. वहिनीला तिची नाडी कळायची. तिने नेमकी कळ दाबल्यासारखं विचारलं, "मास्तरीण, काय लपवतेस?" तेव्हा तिने सगळं सांगितलं. दादा खालून आलेला, हाताला वार्निश तसंच. तो दारात उभा राहून ऐकत होता.

वहिनी हसेल, काहीतरी टोमणा मारेल आणि विषय संपवेल, असं मास्तरणीला वाटलं होतं. वहिनी हसली नाही.

"दुसरा कागद दिला असतास, तर कुणाचं काही कमी झालं असतं?"

"एकाला मिळाली असती ती मिळाली नसती."

"एकाला मिळत नाही ती मिळाली असती. बरोबरीचंच होतं म्हणतेस ना?" वहिनीने श्वास घेतला. "कुणाला कळलं असतं?"

"मला कळलं असतं, वहिनी."

"हो. तुला कळलं असतं, आणि मी जगले असते."

दादा म्हणाला, पुरे. कुणाला म्हणाला ते त्यालाही ठाऊक नसावं. तो जिना उतरून गेला. खाली त्या दिवशी तार गुंडाळायचं मशीन सुरू झाल्याचा आवाज आलाच नाही.

त्यानंतर वहिनी मास्तरणीशी बोलायची बंद झाली. भांडण नाही, आदळआपट नाही; जेवण झाकून ठेवलेलं असायचं, कपडे घडी घालून ठेवलेले असायचे. तिच्यात जेव्हा ताकद नसायची तेव्हाही ते असायचे, आणि मास्तरणीला तेच जास्त जाचायचं. ती कितीदा तरी वहिनीच्या दारापर्यंत जाऊन परत फिरली. बोलणार काय? मी बरोबर वागले, असं म्हणावं, तर बरोबर वागणं घरात कुणाच्याच कामी आलं नव्हतं. माझं चुकलं, असं म्हणावं, तर ते खरं नव्हतं. दोन्हीकडून तोंड बंद.

पुढच्या फेरीत ओ गटाचा दाताच नव्हता. दरम्यान वहिनीचं रक्त फार कमी झालं. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, ती पुरली नाहीत, म्हणून रक्ताच्या बाटल्या चढवाव्या लागल्या. त्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

त्याच्या पुढच्या फेरीत नशीब उघडल्यासारखं वाटलं. आणखी एक ओ गटाचा दाता आला. पुन्हा बरोबरी झाली. नव्या नियमाने, जास्त वाट पाहिली म्हणून, या वेळी वहिनीचं वर्तुळ निवडलं गेलं. मास्तरणीने अट घातली नव्हती, क्रम बदलला नव्हता, बटण दाबण्यापलीकडे काहीही केलं नव्हतं. दादाने दुकानावर बंदची पाटी लावून ठेवली. वहिनी कपाट आवरायला लागली आणि आवरता आवरता मास्तरणीला म्हणाली, तुझा तो निळा स्वेटर मला दे, हॉस्पिटलात थंडी वाजते. इतक्या महिन्यांनी तिने काहीतरी मागितलं होतं. मास्तरीण स्वेटर आणायला वर गेली आणि तिथेच पलंगावर बसून थोडा वेळ रडली.

ऑपरेशनाच्या आधी शेवटची एक तपासणी असते. दात्याचं आणि रुग्णाचं रक्त एकत्र करून बघतात. वहिनीच्या रक्ताने दात्याचं रक्त नाकारलं. बाहेरचं रक्त चढवलं, की शरीर कधी कधी परक्याविरुद्ध हत्यारं घडवून ठेवतं. त्या बाटल्यांनी नेमकं तेच केलं होतं. आणि एक कडी निसटली, की वर्तुळ तुटतं. वहिनीबरोबर आणखी दोन घरांची ऑपरेशनंही रद्द झाली. कॉरिडॉरमध्ये एक म्हातारे गृहस्थ नवा पायजमा आणि सपाता घालून बसले होते. त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी विचारलं, आमचं काही चुकलं का? मास्तरीण तिथून पुढे गेली. ते कोण, कुणासाठी आले होते, हे तिला विचारता आलं नाही.

रक्त आधी चढवलंच नसतं तर? चढवायची वेळ येण्याआधीच, त्या तिसऱ्या फेरीत, दुसरा कागद दिला असता तर? हा हिशेब ती कॉलेजात फळ्यापुढे, रस्त्यात, जिन्यात करत राहायची. हा प्रश्न कुठल्याच प्रोग्रामला घालता येत नव्हता. त्यातल्या अर्ध्या गोष्टी कधी घडल्याच नव्हत्या.

आता वहिनीला चालेल अशी किडनी मिळणं महाकठीण झालं. फेऱ्या येत गेल्या, तिचा क्रमांक यादीत असायचा आणि त्याच्यासमोर एकही वर्तुळ नसायचं. मग तिच्या हृदयाने कुरकुर सुरू केली. मोठ्या डॉक्टरांनी दादाला आणि मास्तरणीला खोलीत बसवलं आणि सांगितलं, की हे हृदय एवढं मोठं ऑपरेशन सोसणार नाही; नाव तूर्त काढू या. दादाने विचारलं, तूर्त म्हणजे? डॉक्टर म्हणाले, बघू या. दादा अर्धा तास आपला हात पोटाच्या बाजूला, किडनी असते तिथे, ठेवून बसला होता. उठताना त्याला ते जाणवलं आणि त्याने हात झटकन काढून घेतला.

त्या वर्षातली शेवटची फेरी आजवरची सगळ्यात मोठी निघाली. बाहेरगावची दोन हॉस्पिटलं जोडली गेली होती, यादी लांबलचक झाली होती. मास्तरणीने बरोबरीची सगळी उत्तरं काढली, नियमाप्रमाणे एक निवडलं आणि वर नेऊन दिलं. सर्जन उठून उभे राहिले. वकीलबाईंनी तिचा हात हातात घेतला. सिस्टरांनी सगळ्यांना चहा मागवला. मास्तरणीने पेला घेतला, दोन घोट प्यायली आणि काहीतरी निमित्त काढून निघाली.

डायलिसिसची खोली त्याच आवारात होती. वहिनी भिंतीकडच्या खुर्चीत होती, निळा स्वेटर अंगावर, एक हात नळ्यांसाठी उघडा. दादाला पंपाचं तातडीचं काम आल्याने तो तिला सोडून गेला होता. मास्तरणीने स्टूल ओढलं. आजूबाजूला मशिनं एका सुरात चालली होती. पलीकडच्या खुर्चीतला माणूस तोंड उघडं टाकून झोपला होता.

"आज फेरी होती ना?" वहिनीने विचारलं.

"हो."

"मिळाली का बऱ्याच जणांना?"

"आजवर कधी मिळाली नव्हती इतक्या जणांना."

वहिनीने डोळे मिटले. ती काही बोलेल म्हणून मास्तरीण वाट बघत राहिली. चांगलं झालं, असं, किंवा वाईट, काहीही. वहिनीचं तोंड एकदम वाकडं झालं आणि पाय ताठरला. डायलिसिसच्या शेवटच्या तासाला तिला नेहमी असंच व्हायचं.

"गोळा आला," ती दातांवर दात धरून म्हणाली. "डावी पोटरी. दाब जरा. जोरात."

मास्तरणीने चादर वर केली आणि दोन्ही हातांनी पोटरी धरली. स्नायू दगडासारखा झाला होता. तिने अंगठे रोवून दाबायला सुरुवात केली. सुटत नव्हता. वहिनी म्हणाली, अजून जोरात, आणि ती दाबत राहिली.